पाडलेलं विमान आणि परत न आलेलं विमान

आमच्या मुलुंडच्या सोसायटीतली एक मुलगी, यंदा बारावीला आहे, गेल्या रविवारी वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात जाऊन आली. तिथं मांडलेलं मारुत लढाऊ विमान तिनं पाहिलं आणि घरी येऊन मला दोन प्रश्न लिहून पाठवले. पहिला साधा आहे: "काका, हे विमान युद्धात कधी पाडलं गेलं का?" दुसरा तिनं मोबाइलवर बरंच वाचून झाल्यावर विचारला आहे: "१९६५ आणि १९७१ च्या युद्धांत आपण त्यांची किती विमानं पाडली आणि त्यांनी आपली किती पाडली, याचे दोन्हीकडचे आकडे कधीच जुळत नाहीत. मग खोटं कोण बोलतं?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर शेवटी देतो. दुसऱ्याला वेळ लागेल, कारण माझ्या नोकरीची अठ्ठावीस वर्षं त्याच्या आसपास गेली. मी हवाई दलाच्या इंजिनिअरिंग शाखेत होतो. त्यातली बरीच वर्षं पडलेल्या विमानांचे अवशेष तपासण्यात गेली. मी तपासलेली विमानं शांततेच्या काळातली होती, पण युद्धातल्या नुकसानाच्या जुन्या नोंदी वाचायची सवय तेव्हाच लागली आणि ती निवृत्तीनंतरही सुटली नाही.

बाळ, तुझ्या प्रश्नाचं थोडक्यात उत्तर असं: बहुतेक वेळा कुणीच खोटं बोलत नसतं. ज्यानं गोळी झाडली, त्याला आपण गोळी झाडली आणि ती लागली एवढंच माहीत असतं. विमान गेलं की नाही, हे फक्त ज्याचं विमान होतं त्यालाच माहीत असतं. आपण वर्षानुवर्षं पहिल्याला विचारत बसलो आहोत.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. १९७१ च्या डिसेंबरात मी अकरा वर्षांचा होतो. लालबागला चाळीत राहायचो. खिडक्यांच्या काचांना खळ लावून काळे कागद चिकटवलेले, रस्त्यावरचे दिवे बंद, मोटारींच्या दिव्यांना अर्धा काळा रंग. जरा कुठं उजेडाची फट दिसली की खालून वॉर्डन ओरडायचा, "तिसरा मजला, दिवा!" एका रात्री भोंगा झाला आणि बंदराच्या बाजूला विमानविरोधी तोफा सुरू झाल्या. लाल ठिपक्यांच्या माळा आभाळात चढत होत्या आणि विझत होत्या. आई आम्हाला जिन्याखाली ओढत होती आणि वडील, गिरणीची तिसरी पाळी चुकवून घरी थांबलेले, गॅलरीतून हलायला तयार नव्हते.

सकाळी नळावर प्रत्येकानं विमान पडताना पाहिलेलं होतं. एकाच्या मते ते शिवडीच्या चिखलात पडलं. दुसऱ्यानं ते पेटत माहुलकडे जाताना पाहिलं होतं. आमच्या शेजारच्या आजोबांनी तर वैमानिकाची छत्री उघडलेलीसुद्धा पाहिली. आम्ही चार पोरं शाळा बुडवून शिवडीच्या धक्क्यापर्यंत चालत गेलो. ओहोटी होती. चिखल, कलंडलेल्या होड्या आणि बगळे. त्या रात्री मुंबईवर एकही विमान पडलं नव्हतं. पण चाळीतलं एकही माणूस खोटारडं नव्हतं. आजोबा तर देवाला दिवा लावल्याशिवाय चहा न घेणारे. त्यांनी जे पाहिलं ते भीतीत, अंधारात आणि मनापासून इच्छा असताना पाहिलं.

आता या आजोबांच्या जागी ताशी आठशे किलोमीटर वेगानं जाणाऱ्या एका तरुणाला बसव.

त्या काळच्या झुंजी तोफांनी व्हायच्या. नॅट या आपल्या चिमुकल्या विमानात ३० मिलिमीटरच्या दोन एडन तोफा होत्या आणि प्रत्येकीला ११५ गोळे. एक तोफ सेकंदाला वीसेक गोळे फेकते, म्हणजे घोडा दाबून धरला तर सहा सेकंदांच्या आत सगळा दारूगोळा संपतो. नॅटच्या तोफा अडकायच्याही फार, हे त्या विमानावर काम केलेला कुठलाही आर्मामेंट फिटर तुला सांगेल. वैमानिक एकेका सेकंदाचे झटके देतो. समोरचं विमान तीनशे-चारशे मीटरवर वळत असतं, याच्या अंगावर गुरुत्वाकर्षणाच्या पाच-सहा पट ओझं असतं, डोळ्यांपुढे कडेनं काळोखी येत असते. गोळा लागल्याची चमक दिसते, धूर दिसतो, समोरचं विमान एका पंखावर कलंडून खाली जातं. आणि नेमक्या त्या क्षणी शहाण्या वैमानिकानं करायची गोष्ट म्हणजे मान वळवून स्वतःच्या शेपटीकडे बघणं. जो आपल्या शिकारीचा शेवट बघत राहिला, त्याच्या मागे दुसरा लागलेला असायचा. शिवाय फुटणाऱ्या विमानाचे तुकडे मागच्याच्या इंजिनात शिरतात, म्हणून वाकडं होऊन निसटावंच लागतं.

मग त्यानं पाहिलं काय? धूर. पण त्या पिढीची जेट इंजिनं पूर्ण शक्तीवर नेली की एरवीही काळा धूर सोडायची. आफ्टरबर्नर, म्हणजे जोर वाढवायला इंजिनाच्या मागच्या भागात जादा इंधन जाळायची सोय, पेटला की शेपटातून ज्वाळेची जीभ निघते. घाईत टाकून दिलेल्या इंधनाच्या जादा टाक्या गरगरत खाली जातात, त्या विमानाच्या तुकड्यांसारख्या दिसतात. आणि गोते खात खाली जाणं ही तर सुटकेची जुनी युक्ती आहे. जमिनीलगत सरळ व्हायचं आणि झाडांच्या उंचीवरून घर गाठायचं. रडारवरचा ठिपकाही अशा वेळी नाहीसा होतो, कारण रडारची नजर तितक्या खाली पोचत नाही.

त्यात दोघांनी एकाच विमानावर गोळ्या झाडलेल्या असतात. दोघांनाही ते कोसळताना दिसतं. दोघेही उतरून प्रामाणिकपणे एकेक लिहितात. १५ सप्टेंबर १९४० ला इंग्लंडवरच्या लढाईत ब्रिटिशांनी १८५ जर्मन विमानं पाडल्याचं जाहीर केलं होतं. युद्ध संपल्यावर जर्मनांच्या स्वतःच्या वह्या उघडल्या तेव्हा तो आकडा साठच्या आसपास निघाला. जर्मनांचे दावेही असेच फुगलेले होते. आभाळात जितकी गर्दी, तितका दावा मोठा.

तू म्हणशील, कॅमेरे होते ना. होते. तोफेचा घोडा दाबला की गन-कॅमेरा सुरू होतो आणि घोडा सोडला की थोड्याच वेळात थांबतो. म्हणून त्या फिल्मवर गोळे लागताना दिसतात, विमान जमिनीवर आपटताना जवळपास कधीच दिसत नाही.

याचं आपल्या घरचं उदाहरण बोयऱ्याचं आहे. २२ नोव्हेंबर १९७१. युद्ध औपचारिकपणे सुरू व्हायला अजून अकरा दिवस होते. पूर्व सीमेवर बोयऱ्याच्या वर पाकिस्तानी सेबर विमानं भारताच्या हद्दीत शिरली. डमडमवरून २२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनची चार नॅट उडाली: रॉय मॅसी, गणपती, सोआरेझ आणि लाझारस. जमिनीवर रडारपाशी बसून त्यांना दिशा देणारे फ्लाइंग ऑफिसर बागची. झुंज काही मिनिटांची. तीन सेबर पाडल्याचं सांगितलं गेलं आणि देशभर तो आनंद साजरा झाला. गन-कॅमेऱ्यातले जळत्या सेबरचे फोटोही आले.

वस्तुस्थिती अशी की दोन सेबर पडली. त्यांचे वैमानिक छत्रीनं उतरले आणि भारतीय सैन्याच्या हाती लागले. त्यातले एक, परवेझ मेहदी कुरेशी, पुढे पाकिस्तानी हवाई दलाचे प्रमुख झाले. तिसरं सेबर जबर मार खाऊन कसंबसं ढाक्याच्या तेजगावला परतलं. म्हणजे आपल्या वैमानिकाला गोळे लागलेले दिसले ते खरं होतं, धूर खरा होता, फक्त ते विमान पडलं नव्हतं. आणि परतलेल्या त्या वैमानिकानंही तिकडे एक नॅट पाडल्याचं सांगितलं. आपली चारही नॅट मात्र डमडमला उतरलेली होती. एकाच झुंजीत दोन्हीकडचे दावे चुकले आणि दोन्हीकडे हिमतीनं लढलेली माणसं होती. या झुंजीचं मोल तिनाचं दोन केल्यानं रतीभरही कमी होत नाही. मला उलट असं वाटतं की दोन म्हणायची हिंमत आपण दाखवली की बाकीच्या आपल्या आकड्यांवर जगाचा विश्वास बसतो.

आता दुसरी बाजू. जिथं विमान गेलं तिथं काय होतं?

लढाऊ विमानाची एक वही असते, तिला आम्ही फॉर्म ७०० म्हणतो. विमानाचा सगळा संसार तिच्यात असतो: किती इंधन भरलं, किती गोळे चढवले, काल काय बिघडलं, आज कुणी दुरुस्त केलं. इंजिनवाला, एअरफ्रेमवाला, इलेक्ट्रिकवाला, आर्मामेंटवाला, प्रत्येकाची सही. शेवटी वैमानिक सही करतो आणि विमान त्याचं होतं. परत आला की तो पुन्हा लिहितो, विमान कसं होतं, काय खटकलं, आणि विमान पुन्हा आमचं होतं. या दोन नोंदींच्या मध्ये ते विमान कुणाचंच नसतं.

माझ्या पहिल्या पोस्टिंगवर एक वॉरंट ऑफिसर होते. १९७१ ला ते पश्चिम सीमेवर हंटर या आपल्या लढाऊ विमानांच्या एका स्क्वाड्रनला कॉर्पोरल होते. मितभाषी माणूस, कऱ्हाडकडचे. त्यांनी एकदाच, रात्रपाळीत, मला सांगितलं होतं. विमान गेलं की ते त्याचे चॉक्स, म्हणजे चाकांना लावायच्या ओंडक्या, उचलून बाजूला नीट एकावर एक रचून ठेवायचे आणि घड्याळ बघायचे. किती इंधन भरलं हे त्यांनीच भरलेलं असल्यामुळे ठाऊक. खाली उडत गेलं तर इंधन जास्त जातं, झुंज झाली तर आणखी जातं. त्यांच्या डोक्यात एक वेळ ठरलेली असायची. चार गेली, तीन आली, तरी कुणी काही बोलत नाही, कारण दुसऱ्या धावपट्टीवर उतरलं असेल, फोन येईल. मग ती वेळ येते आणि निघून जाते. "त्यानंतर वर बघण्यात अर्थ नसतो," ते म्हणाले, "पण मान खाली होत नाही." दोन वेळा त्यांच्या ओंडक्या तशाच राहिल्या होत्या. कुठल्या तारखेला आणि विमानाचा नंबर काय, हे पंधरा वर्षांनीही त्यांना पाठ होतं.

म्हणून मी म्हणतो, नुकसानीची नोंद ही युद्धातली सगळ्यात पक्की नोंद असते. सरकार ती लपवू शकतं, उशिरा सांगू शकतं, कारण वेगळं लिहू शकतं. पण ओंडक्या रचणाऱ्या माणसाला चुकवता येत नाही. विमानाला नंबर असतो, वैमानिकाला नाव असतं, त्याच्या घरी तार जाते. दावा हवेत केला जातो. नुकसान मात्र भांडारापासून पगारपत्रकापर्यंत दहा वह्यांत उतरतं, आणि दहाही वह्या एकाच वेळी खोट्या लिहिणं फार अवघड असतं.

या वह्यांनी एका माणसाचं काय केलं ते तुला सांगतो. माझ्या मते आपल्या हवाई इतिहासातली ही सगळ्यात विलक्षण गोष्ट आहे.

७ सप्टेंबर १९६५. आदमपूरहून १ क्रमांकाच्या स्क्वाड्रनची मिस्टेअर विमानं पहाटे पाकिस्तानच्या सरगोधा या सगळ्यात बळकट हवाई तळावर निघाली. बारा जाणार होती, आणखी काही राखीव. स्क्वाड्रन लीडर अज्जमाडा बोपय्या देवय्या, कोडगूचे, मूळचे प्रशिक्षक, राखीव यादीत होते. कुणाचं विमान ऐनवेळी नादुरुस्त झालं तरच जायचं. ते निघाले. सरगोधा मिस्टेअरच्या पल्ल्याच्या अगदी टोकाला. जाऊन, हल्ला करून परत येण्यापुरतंच इंधन, झुंजीसाठी चार मिनिटंसुद्धा शिल्लक नाहीत. देवय्या परतले नाहीत. स्क्वाड्रनच्या नोंदीत एक मिस्टेअर कमी आणि एक अधिकारी बेपत्ता. त्यांचं काय झालं हे आदमपूरला कुणी पाहिलं नव्हतं. बेपत्ता माणसाच्या पराक्रमाचा साक्षीदार नसेल तर पदक कुणाला आणि कशाबद्दल देणार?

१९७९ ला एका ब्रिटिश लेखकाचं पुस्तक आलं. पाकिस्तानी हवाई दलाच्या सहकार्यानं लिहिलेलं, म्हणजे त्यांच्या बाजूची हकीकत. त्यात त्या सकाळचा एक प्रसंग होता. पाकिस्तानचे फ्लाइट लेफ्टनंट अमजद हुसेन यांचं स्टारफायटर विमान परत निघालेल्या एका मिस्टेअरच्या मागे लागलं. मिस्टेअरला मार बसला, पण ते पळालं नाही, वळलं आणि लढलं. त्या झुंजीत स्टारफायटर पडलं, अमजद हुसेन छत्रीनं उतरून वाचले, आणि मिस्टेअरही पडलं.

इथं थोडं विमानांबद्दल सांगायला हवं, नाहीतर या वाक्याचं वजन कळणार नाही. स्टारफायटर आवाजाच्या दुप्पट वेगानं जायचं. मिस्टेअर सरळ उडताना आवाजाचा वेगसुद्धा गाठत नसे. स्टारफायटरला पळून चुकवणं अशक्य. पण त्याचे पंख इतके आखूड की ते वळताना फार मोठा फेरा घ्यायचं, आणि खालच्या उंचीवर वेग कमी करून वळणावळणाच्या झुंजीत उतरलं की त्याचं सगळं श्रेष्ठत्व गळून पडायचं. प्रशिक्षक असलेल्या माणसाला हे माहीत होतं. झुंज घेतली तर घरी पोचायला इंधन उरणार नाही, हेही त्यांना नक्की माहीत होतं.

पुस्तकात त्या भारतीय वैमानिकाचं नाव नव्हतं. असणार कसं? पण आपल्या वहीत होतं. त्या पहाटेच्या हल्ल्यातून परत न आलेलं मिस्टेअर एकच होतं. त्या हल्ल्याचे नेते ओ. पी. तनेजा यांनी हा धागा पकडून हवाई दलाकडे पाठपुरावा केला आणि १९८८ ला, तेवीस वर्षांनी, देवय्यांना मरणोत्तर महावीर चक्र जाहीर झालं. त्यांच्या पत्नीनं ते स्वीकारलं. लक्षात घे, देवय्यांच्या बाजूनं कुणी दावा केला नव्हता, तो करायला ते जिवंतच नव्हते. शत्रूनं मान्य केलेलं नुकसान आणि आपल्या वहीतलं नुकसान, ही दोन टोकं जुळली आणि मधलं सत्य उभं राहिलं. त्याच दिवशी त्याच सरगोध्यावर पाकिस्तानच्या एका सेबर वैमानिकानं मिनिटाच्या आत पाच हंटर पाडल्याचा दावा केला, तो जगभर गाजला. भारतीय नोंदींत त्या झुंजीत तितकी हंटर गेलेलीच नाहीत. एकाच दिवसातल्या या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून बघ.

प्रत्येक नुकसान मात्र झुंजीतल्या गोळीचं नसतं. ३ सप्टेंबर १९६५ ला आपलं एक नॅट पाकिस्तानातल्या पसरूरच्या धावपट्टीवर उतरलं आणि वैमानिकासह पकडलं गेलं. स्टारफायटरच्या धाकानं उतरलं असं त्यांचं म्हणणं, झुंजीनंतर वाट चुकल्यामुळे असं आपल्याकडचं. विमानाला ओरखडा नव्हता. ते आजही कराचीच्या संग्रहालयात आहे. याला 'पाडलं' म्हणायचं का? पाडण्याच्या रकान्यात वाद होतो. गमावण्याच्या रकान्यात वाद नाही.

त्याच्या दोन दिवस आधी, १ सप्टेंबरच्या संध्याकाळी, जम्मूतल्या छांबवर पाठवलेल्या आपल्या व्हॅम्पायरपैकी चार गेली, बहुतेक सेबरच्या हातून. व्हॅम्पायर हे १९४३ मध्ये पहिल्यांदा उडालेलं विमान. सेबरपुढे त्याला उभं करणंच अन्यायाचं होतं, आणि ते ज्यांनी उडवलं त्यांनी तक्रार न करता उडवलं. मला हे लिहिताना आजही राग येतो. त्या एका संध्याकाळनंतर शंभराहून अधिक व्हॅम्पायर आघाडीवरून मागे घेतली गेली. नुकसान मान्य केल्यामुळे पुढचे किती जीव वाचले असतील, हा हिशेब कुठल्याच फलकावर लिहिलेला नसतो.

माझं स्वतःचं काम अवशेषांचं, म्हणून त्याबद्दल थोडं. विमान जमिनीवर सापडलं तर बरंच कळतं. पत्र्याला पडलेल्या भोकाच्या कडा आत वळलेल्या असतील तर मार बाहेरून आला, बाहेर वळलेल्या असतील तर स्फोट आत झाला. काजळीचे ओघळ हवेच्या दिशेनं, नाकाकडून शेपटाकडे गेलेले असतील, तर आग आकाशात लागली. चुरगळलेल्या पत्र्याच्या घडीच्या आत काजळी नसेल, फक्त वर असेल, तर आग पडल्यावर लागली. इंजिनाची पाती फिरण्याच्या उलट दिशेनं सारखी वाकलेली असली की आदळताना इंजिन जोरात चालू होतं. सरळच मोडली असतील तर ते आधीच थांबलं होतं. आणि धोक्याच्या दिव्यांचे ते बारीक बल्ब! आदळताना दिवा पेटलेला असेल तर आतली तापलेली तार रबरासारखी ताणली जाते. विझलेला असेल तर ती तटकन तुटते किंवा तशीच राहते. वैमानिकासमोर शेवटच्या क्षणी कुठला लाल दिवा होता, हे मी भिंगाखाली वाचलं आहे. अशा वेळी हात थरथरतात, सवय होत नाही. सगळ्यात आधी मात्र आम्ही नंबराची पट्टी शोधायचो, धातूवर ठोकलेली. ती मिळाली की दोन्हीकडचे दावे बाजूला ठेवता येतात.

१४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरवर बॉम्ब पडत असताना फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों यांनी नॅट उडवलं आणि पेशावरहून आलेल्या सहा सेबरशी ते जवळजवळ एकट्यानं लढले. हवाई दलाचं आजवरचं एकमेव परमवीर चक्र त्यांचं. त्यांच्या नॅटचे अवशेष डोंगरातल्या घळीत सापडले. ते स्वतः कधीच सापडले नाहीत.

समुद्रावर तर अवशेषही नाहीत. १२ डिसेंबर १९७१ ला जामनगरवर आलेल्या पाकिस्तानी स्टारफायटरचा आपल्या ४७ स्क्वाड्रनच्या फ्लाइट लेफ्टनंट सोनी यांनी मिग-२१ मधून पाठलाग केला आणि कच्छच्या आखातावर पोटाखाली बसवलेल्या तोफेनं ते पाडलं. वैमानिक विंग कमांडर मिडलकोट छत्रीनं समुद्रात उतरताना सोनींनी पाहिले आणि ताबडतोब रेडिओवरून बचाव नौका पाठवायला सांगितलं. शोध झाला, ते सापडले नाहीत. या नुकसानीबद्दल दोन्ही देशांत वाद नाही. पाडणाऱ्यानं सांगितलं आणि गमावणाऱ्यानं मान्य केलं. दोनच दिवस आधी अरबी समुद्रावर आपल्या नौदलाचं अलीझे विमान एका स्टारफायटरनं पाडलं होतं, त्यातलेही तिघे परत आले नाहीत.

आणि एक नाव, जे आपल्या मराठी घरांत जास्त माहीत असायला हवं. फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे, ३२ स्क्वाड्रन, सुखोई-७. ५ डिसेंबर १९७१ ला पाकिस्तानातल्या शोरकोट रोडच्या तळावर गेले आणि परत आले नाहीत. ही हवाई झुंज नव्हती, पण बेपत्ता या शब्दाचा अर्थ त्यांच्या कुटुंबाइतका कुणाला कळला नसेल. त्यांची पत्नी दमयंती, राष्ट्रीय बॅडमिंटन विजेती, अनेक दशकं त्यांचा शोध घेत राहिली. 'युद्धात बेपत्ता' म्हणून ज्या चोपन्न जणांची यादी सांगितली जाते, त्यात तांबे आहेत. ज्या नुकसानीची दुसऱ्या बाजूची वही आपल्यासमोर उघडली जात नाही, तिचं असं होतं.

तर तू पुन्हा असा एखादा आकडा वाचलास की चार गोष्टी विचार. विमानाचा नंबर दिला आहे का? वैमानिकाचं नाव आहे का? अवशेष कुठं पडले ते सांगितलंय का? आणि ज्याचं विमान गेलं असं म्हणतात, त्याच्या स्क्वाड्रनमधली माणसं नंतर काय म्हणाली? चारही असतील तर विश्वास ठेव, मग तो आकडा आपल्याला आवडो न आवडो. एकही नसेल तर ती शिवडीच्या चिखलातली गोष्ट समज. दुसऱ्या प्रश्नाच्या शेवटी तू अलीकडच्या चकमकींबद्दलही विचारलंयस. त्यावर मी आज मत देणार नाही. देवय्यांसाठी तेवीस वर्षं लागली. वह्या उघडेपर्यंत थांबणं हा आमच्या कामाचा नियम आहे.

आता वरळीचं मारुत. कुर्ट टँक या जर्मन अभियंत्याच्या हाताखाली बंगळुरात घडलेलं, १७ जून १९६१ ला पहिल्यांदा उडालेलं. १९७१ ला राजस्थान सीमेवर ही विमानं भरपूर वापरली गेली आणि हवाई झुंजीत एकही मारुत पडलं नाही. जी युद्धात गेली ती मुख्यतः जमिनीवरच्या तोफांच्या माऱ्यानं. पुढच्या रविवारी गेलीस तर नाकापाशी तोफांची भोकं बघ, दोन्ही बाजूंना मिळून चार आहेत. मग मागे जा. शेपटाखाली दोन तोंडं दिसतील, कारण आत दोन इंजिनं होती, नॅटच्याच इंजिनाच्या जातीची. त्या युद्धात एक इंजिन गोळ्यांनी निकामी झाल्यावर दुसऱ्यावर मारुत तळावर परतल्याचे प्रसंग आहेत. त्या विमानांच्या फॉर्म ७०० वर वैमानिकानं उतरून पुन्हा लिहिलं, आणि खाली ओंडक्या लावून घेणाऱ्याची सही आहे.